चलानाची मागची बाजू

क्लचबाईंना लोक क्लचबाई का म्हणतात, हे त्यांच्या गाडीत पाच मिनिटं बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नसे. "क्लच! अहो, क्लच! ब्रेकबरोबर क्लच, नाहीतर गाडी बंद पडते, किती वेळा सांगू?" हा गजर सकाळी सातला सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला थांबायचा. एवढं ओरडून बाईंचा घसा कधी बसला नाही, शिकणाऱ्यांचे कान मात्र बसले. तीस वर्षं त्या गाडी शिकवत होत्या. शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी आपण शिकवली, आणि उरलेले निम्मे अशी का चालवतात याचंही कारण तेच, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

म्हणून परवाना कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीतला तरुण जेव्हा म्हणाला, "बाई, तुमच्या परवान्याचं नूतनीकरण होणार नाही," तेव्हा त्या त्याच्याकडे बघून चक्क हसल्या. नवीन आहे बिचारा, एक संधी द्यावी, असं त्यांना वाटलं.

"नाव नीट वाचा," त्या म्हणाल्या.

त्यानं वाचलं. नाव त्यांचंच, शाळा त्यांचीच. खाली लाल अक्षरांत एकच ओळ होती: वाहतूक न्यायालय, प्रकरण प्रलंबित. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

"कसलं प्रकरण?"

"ते इथे दिसत नाही. आहे की नाही, एवढंच दिसतं. ते मिटल्याचा कोर्टाचा कागद आणा, दोन मिनिटांत शिक्का मारतो."

"गेल्या दोन खेपांना मुकाट्यानं मारलात की!"

"तेव्हा कोर्टाच्या नोंदी आमच्याकडे दिसत नव्हत्या. यंदापासून जोडल्यात."

"आणि कागद नाही आणला तर?"

"शुक्रवारी परवाना संपतो. शनिवारपासून शिकवता येणार नाही."

त्या दिवशी मंगळवार होता. बाईंच्या हाताखाली नऊ जण शिकत होते आणि नऊही जणांची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. एक नर्स होती, तिला फिरत्या दवाखान्याची गाडी मिळणार होती. एक आजोबा होते, त्यांना वयाच्या सत्तराव्या वर्षी बायकोला बाहेर फिरवायचं होतं. सगळ्यांना बाईंनी शब्द दिला होता. शब्द देणं ही त्यांच्या दृष्टीनं गाडी शिकवण्याइतकीच किरकोळ गोष्ट होती, कारण तो मोडायची वेळ कधी आलीच नव्हती. आणि तीस वर्षांत एक साधं चलान नावावर नाही, हे तर त्या शाळेच्या पाटीवरच रंगवून घेणार होत्या. रंगाऱ्यानं जागा पुरत नाही म्हटल्यामुळे राहिलं.

शाळेचं ऑफिस म्हणजे काचेच्या दाराची एक खोली, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता आणि तक्त्याखालच्या टेबलाशी धाकटी. ही बाईंची सख्खी बहीण, सहा वर्षांनी लहान. फोन घेणं, वेळा लावणं, लोकांचे अर्ज भरून देणं, सगळं तीच बघायची. गाडी शिकवण्याच्या शाळेत काम करून ती रोज बसनं यायची आणि बसनंच जायची. एखाद्या नव्या विद्यार्थ्यानं विचारलंच, "तुम्ही नाही का चालवत?" तर बाईंचं उत्तर काचेच्या दारापलीकडच्या वर्गातून यायचं, "दिव्याखाली अंधार!"

या अंधाराची गोष्ट बाई दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगत. "माझी सख्खी बहीण. सात दिवस शिकवली. आठव्या दिवशी बाईसाहेबांनी ऐन चौकात, हिरवा दिवा असताना, कचकन ब्रेक दाबला. क्लचचा पत्ता नाही. गाडी जागच्या जागी बंद! मागून स्कूटरवाला येऊन आदळला. त्या धक्क्यानं माझ्या चपलेचा पट्टा तुटला, एवढा तो धक्का. हवालदारानं चलान फाडलं. तेव्हापासून तिनं स्टिअरिंगला हात लावलेला नाही, आणि रस्त्यावरची माणसं सुखानं जगतायत." तुकडी खळखळून हसायची. बाहेर धाकटी कुणाचा तरी अर्ज भरत असायची, आणि दार काचेचं असलं तरी त्यातून आवाज चांगला येत असे.

बाई तणतणत ऑफिसात आल्या आणि पर्स टेबलावर आपटून त्यांनी सगळं सांगितलं. तारीख ऐकल्यावर धाकटीनं पेन खाली ठेवलं.

"ताई, ते माझं चलान असेल. त्या चौकातलं."

"तुझं चलान माझ्या नावावर कसं येईल?"

"ते जाऊ दे. पण मी दंड भरला होता. दुसऱ्याच दिवशी जाऊन."

"मग झालं तर! कोर्टाचा घोळ आहे. ऊठ, चल माझ्याबरोबर. तू भरलास म्हणून सांग, ते खोडतील, मी शिक्का घेऊन येते. जेवायच्या आत परत."

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"ते शहाण्यांसाठी. मी बरोबर आहे, मला काय भीती?"

कोर्टाच्या तळमजल्यावर दंडाच्या खिडक्या होत्या आणि तिथे बरीच गर्दी होती. रांगेतला प्रत्येक जण शेजारच्याला आपली चूक कशी नव्हती ते सांगत होता. बाई थेट चौकशीच्या टेबलापाशी गेल्या. तिथल्या माणसानं संगणकात नाव घातलं आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. "जुनं आहे. मूळ कागद बघावा लागेल. दुसरा मजला, रेकॉर्ड रूम."

रेकॉर्ड रूममध्ये छतापर्यंत लोखंडी मांडण्या होत्या आणि त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे. दाराजवळच्या टेबलाशी एक कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता. बाईंनी चिठ्ठी पुढे केली आणि आपलं नाव दणक्यात सांगितलं. त्यानं ना नाव लिहून घेतलं, ना चष्मा खाली घेतला.

"नावानं शोधायचं असेल तर पुढच्या महिन्यात या," तो म्हणाला.

"पुढच्या महिन्यात? अहो, शुक्रवारी माझा परवाना संपतोय! हा नंबर आहे ना?"

"हा संगणकाचा नंबर. गठ्ठ्यांना संगणक माहीत नाही. कुणी फाडलं होतं चलान?"

"हवालदारानं. आणखी कोण फाडणार?"

"कोणत्या हवालदारानं?"

"मिशीवाल्या."

"बाई, त्या काळातला एक बिनमिशीचा हवालदार दाखवा, मी तुम्हाला चहा पाजतो." कारकुनानं आता चष्मा खाली घेतला. आपल्या कामाचं बोलायला मिळालं की काही माणसांचा चेहरा उजळतो, तसा त्याचा उजळला. "त्याचं असं आहे. कुणी दंड मान्य केला नाही की हवालदाराला साक्षीला बोलवावं लागायचं. रोज उठून कोर्टात आला तर चौक कोण सांभाळणार? म्हणून एकेका हवालदाराची सगळी प्रकरणं महिन्यातून एकाच दिवशी लावत. ज्या गठ्ठ्यात लावली, त्याच गठ्ठ्यात ती राहिली. इथे तुम्हा लोकांची नावं लावलेली नाहीत, हवालदारांचे बिल्ले लावलेत. बिल्ल्याचा नंबर आणि तारीख सांगा, पाव तासात कागद हातात देतो. नुसतं नाव सांगाल तर मला तीनशे गठ्ठे सोडावे लागतील."

"ही काय पद्धत झाली?" बाई कडाडल्या. "अकरा वर्षांपूर्वीच्या हवालदाराचा नंबर कुणाच्या लक्षात राहतो? माणसानं चलान घ्यायचं की त्याचा बिल्ला पाठ करायचा? तुमच्या साहेबांना बोलवा, मी बघते कसं—"

"चारशे सदतीस," मागून धाकटी म्हणाली.

बाई वळल्या. कारकूनही वाकून बघायला लागला.

"नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की. चारशे सदतीस." धाकटी कारकुनाशीच बोलत होती, ताईकडे तिनं पाहिलं नाही. "ही चौकात मोठमोठ्यानं ओरडत होती. लोक जमले होते. मला मान वर करवेना. डोळ्यांसमोर त्याच्या छातीवरचा बिल्लाच होता, तोच बघत उभी राहिले. विसरायचा म्हटला तरी विसरत नाही."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," कारकून पुटपुटला आणि मांडण्यांच्या मागे गेला.

बाई बाकावर बसल्या. ओरडत होती, हे ऐकून त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. त्या सगळ्यांवरच ओरडत. पण नंबर पाठ व्हावा इतका वेळ? त्यांना आठवत होतं ते एवढंच की स्कूटरवाल्याला खरचटलं होतं, आपली नवी चप्पल गेली होती आणि हवालदारानं दिलेला कागद आपण न वाचताच धाकटीच्या हातात कोंबला होता. "घे, तुझं बक्षीस!" असं काहीसं म्हटलंही होतं. त्यावर लोक हसले होते.

कारकून धूळ झटकत परत आला तो एक पिवळट कागद घेऊन. बाईंनी तो हातात घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाहन, शिकाऊ पाटीचं. ठिकाण, तारीख, वेळ. गुन्हा, चौकात वाहन अडथळा होईल असं थांबवणं. वाहनचालक... आणि इथे बाईंचं स्वतःचं नाव होतं. पुढे कंसात लिहिलं होतं: शिक्षिका.

"बघा! इथेच चूक आहे," बाई विजयानं म्हणाल्या. "चालवत ही होती. नाव माझं घातलं!"

"शिकाऊ गाडीत जबाबदार चालक शिक्षकच असतो," कारकून म्हणाला. "पण हवालदाराला वाटलं तर तो शिकणाऱ्याचंही नाव घालू शकतो. तुमचं का घातलं ते मागे लिहिलं असेल. हा चारशे सदतीस मोठा काटेकोर माणूस होता. याच्या कागदाची मागची बाजू कधी कोरी नसते. तुम्हाला मिळाली ती फक्त पुढच्या बाजूची कार्बन प्रत."

बाईंनी कागद उलटला. मागे पेन्सिलीनं चौक काढला होता: दिव्याचा खांब, गाडीची चौकट, स्कूटरचा बाण. खाली बारीक अक्षरांत पाच ओळी होत्या. बाई मोठ्यानं वाचू लागल्या. "दिवा हिरवा. शिकाऊ महिला योग्य वेगात सरळ जात होती. शिक्षिकेने..." आणि त्या थांबल्या. क्लचबाई वाक्याच्या मधे थांबल्याचं धाकटीनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिनं हात पुढे करून कागद घेतला आणि पुढचं वाचलं, हळू, पण एक शब्द न गाळता.

"शिक्षिकेने आपल्या बाजूचा ब्रेक क्लच न दाबता दाबल्याने इंजिन बंद पडले. शिक्षिकेच्या ब्रेकच्या पेडलखाली चपलेचा तुटलेला पट्टा अडकलेला आढळला. शिकाऊ महिलेचा दोष दिसत नाही."

"काहीतरीच!" बाई ताडकन उठल्या. "हा काय गाडीत बसला होता? पेडल कुणी दाबलं, याला चौकातून दिसलं? म्हणे पट्टा! पट्टा धक्क्यानं तुटला होता. मी तर..."

मी तर दर तुकडीला सांगते, असं त्या म्हणणार होत्या. पण तीस वर्षं माणसांचे पाय बघण्यात घालवलेली बाई ती. नुसत्या धक्क्यानं पट्टा तुटत नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तुटला तरी तो पायाशी पडेल, पेडलखाली जाऊन अडकणार नाही. सगळी ताकद लावून पेडल दाबलं, पाय सटकला, तरच तसा अडकतो. आणि मग त्यांना बाकीचं आठवलं, इतकं स्वच्छ, की इतकी वर्षं ते कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. उजवीकडून ट्रक येत होता. तो थांबणारच होता, त्याचा वेग उतरलेला दिसत होता. एखादी परकी बाई स्टिअरिंगवर असती तर आपण शांत बसलो असतो. पण शेजारी धाकटी होती. आईविना वाढवलेली, बोट धरून शाळेत नेलेली धाकटी आणि तिच्या बाजूनं येणारा ट्रक. डोकं काही ठरवायच्या आत पाय खाली गेला होता, आणि जगाला क्लच शिकवणाऱ्या बाईंचा दुसरा पाय जागचा हलला नव्हता.

"तुझा पाय ब्रेकवर होता का?" त्यांनी विचारलं.

"नव्हता," धाकटी म्हणाली. "ब्रेक आपोआप खाली गेला. मला तेव्हाही आठवत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस मी दाबला. तुला गाडीतलं सगळं कळतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

दोन्ही बाजूंची पेडलं आतून जोडलेली असतात, एक दाबलं की दुसरं खाली जातं, हे बाई पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवत.

कारकुनाला असल्या गोष्टींत पडायचं नव्हतं. तो जाडजूड वही चाळत होता. "दंड भरलाय असं म्हणता ना? हो, जमा आहेत पैसे. पण ते या ताईंच्या शिकाऊ लायसनवर भरलेत. चलानावर नाव तुमचं. त्यामुळे पैसे तिकडे पडून आणि प्रकरण इकडे उघडं. समन्स निघालं होतं, पत्ता बदलल्यामुळे परत आलं. तुमच्या लायसनवर का भरलेत हो?"

शेवटचा प्रश्न धाकटीला होता.

"चलानावर हिचं नाव दिसलं. वाटलं, गाडी शाळेची म्हणून घातलं असेल. उगाच हिच्या नावाला डाग नको. नावावरच तर हिचा धंदा आहे."

बाईंना हे तोंडात मारल्यासारखं लागलं. मारलं असतं तर परवडलं असतं.

"आता दोन वाटा आहेत," कारकून म्हणाला. "एक. या ताईंनी लिहून द्यायचं की गाडी मी चालवत होते, चूक माझी होती, दंड मी भरलाय. खालच्या न्यायाधीश मॅडम आजच प्रकरण बंद करतील, तुम्ही चारच्या आत परवान्यावर शिक्का मारून घ्याल. दुसरी वाट, तुम्ही कबूल व्हायचं. पण शिक्षकाच्या हातून चूक झाल्याची नोंद परवान्यावर गेली की दोन महिने शिकवणं बंद आणि नव्यानं चालवण्याची परीक्षा. अगदी पहिल्यापासून."

"मी लिहून देते," धाकटी लगेच म्हणाली. "कागद द्या. अकरा वर्षं माझ्याच नावावर आहे ते, आणखी एक सही केली म्हणून काय बिघडलं? ताई, नऊ जण आहेत. त्या नर्सची नोकरी आहे."

तिनं कागद ओढून घेतला, पेन उघडलं, आणि बाईंनी तिला दोन ओळी लिहूही दिल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. नऊ जणांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे होते, परीक्षेच्या मैदानावर खांबांमधून उलटी गाडी घेणारी स्वतःची मूर्तीही होती, आणि ती बघायला जमलेलं अर्धं शहर. दोन महिने म्हणजे काही खेळ नव्हता. धाकटीचं अक्षर सुबक होतं. इतक्या वर्षांत हजारो लोकांचे अर्ज भरून ते तसं झालं होतं. 'चूक माझी होती' हे तिनं एवढ्या सहज लिहिलं की तिला त्याची सवय आहे हे कुणालाही कळलं असतं.

बाईंनी कागद तिच्या हाताखालून काढून घेतला आणि चार तुकडे केले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं ऑफिस आहे का हे?" त्या कारकुनाला म्हणाल्या. "कुठे बसतात तुमच्या मॅडम?"

न्यायाधीश मॅडम खालच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत बसत. पुढे पाच-सहा बाकं, त्यांवर वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात चलान आणि तोंडावर निष्पाप भाव. नंबर यायला तास लागला. तेवढ्या वेळात एका माणसानं सिग्नल झाडामागे होता म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं दिवा आपल्याकडे बघून बदलला म्हणून सांगितलं. मॅडमनी दोघांना सारख्याच शांतपणे दंड केला. बाई एरवी असल्या माणसांना हसल्या असत्या. आज त्यांना हसू आलं नाही.

नाव पुकारल्यावर त्या उठल्या आणि ताठ मानेनं पुढे गेल्या. मॅडमनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

"अकरा वर्षांपूर्वीचं आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

"ब्रेक मी दाबला," बाई म्हणाल्या.

त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की शेवटच्या बाकावरचा पेंगणारा म्हातारा दचकला. दाराबाहेरचे दोघे-तिघे डोकावले.

"हळू बोला, मला ऐकू येतंय," मॅडम म्हणाल्या.

"माफ करा, पण हळू नाही बोलता येणार. मी माझ्या बहिणीला चौकात, शंभर माणसांसमोर दोष दिला होता. तोही ओरडून. नंतर वर्गात बसून अकरा वर्षं तेच सांगत आले. आता हळू बोलले तर ते चोरून बोलल्यासारखं होईल." बाईंनी मागे वळून धाकटीकडे हात केला. "ती तिथे बसलीय ती. तिनं काही केलं नव्हतं. दिवा हिरवा होता, वेग बरोबर होता, ती सरळ जात होती. मी घाबरले आणि ब्रेक दाबला. क्लचसुद्धा दाबला नाही. आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. दंडही तिनंच भरलाय."

मॅडमनी चष्म्यावरून आधी धाकटीकडे आणि मग बाईंकडे पाहिलं.

"कबुलीचा परिणाम माहीत आहे तुम्हाला?"

"दोन महिने बंद आणि परीक्षा."

"अशी जुनी प्रकरणं वेगळ्या रीतीनंही मिटतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं. त्याचे तुकडे रेकॉर्ड रूमच्या टोपलीत आहेत."

मॅडम किंचित हसल्या असाव्यात, कारण त्यांनी मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. धाकटीच्या शिकाऊ लायसनवरची नोंद रद्द करून तिनं भरलेला दंड तिला परत, बाईंना नवा दंड, परवाना दोन महिने स्थगित, नंतर परीक्षा. शेवटी त्यांनी स्वतःहून एक ओळ वाढवली: शिकाऊ महिलेचा दोष नव्हता, अशी नोंद घ्यावी. त्या आदेशाची नक्कल कारकुनानं धाकटीच्याच हातात दिली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघी उभ्या राहिल्या. दुपार टळली होती. बाईंना वाटलं होतं की धाकटी रडेल, आणि मग आपण तिला जवळ घेऊ. धाकटी रडली नाही. तिनं कागदाची घडी घातली, परत उघडली, परत वाचली.

"अकरा वर्षं, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. इतका चढतो हे बाईंना ठाऊकच नव्हतं. "दर तुकडीला! मी बाहेर बसलेली असताना! रस्त्यावरची माणसं सुखानं जगतायत म्हणायचीस. मला वाटायचं, खरंच मी कुणाला तरी मारलं असतं. रात्रीच्या बसला दांड्याला लटकून जायचे आणि स्वतःला सांगायचे, बरंय बाई, तू बसमध्येच बरी."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते. धाकटीनंही ते ऐकले आणि लगेच माफ वगैरे केलं नाही. ती रस्त्याकडे बघत राहिली. पलीकडे बाईंची शिकाऊ पाटीची गाडी उभी होती.

"मी गाडी शिकणार," ती थोड्या वेळानं म्हणाली.

बाईंचा चेहरा फुलला. "शिकवते की! दोन महिने जाऊ देत, परीक्षा तर मी डोळे मिटून देईन, गाडीचा काय प्रश्न आहे! परवाना आला की पहिल्या दिवशी पहिली तू—"

"तुझ्याकडे नाही."

बाईंनी तोंड उघडलं. कुणाला काय शिकवायचं आणि कसं, यावर त्यांच्याकडे नेहमीच पुष्कळ बोलण्यासारखं असे. पण धाकटी त्यांच्याकडे सरळ बघत होती, मान वर करून, आणि ती बरोबर होती. बाईंना ते लागलं, चांगलंच लागलं. त्यांनी पर्समधून फोन काढला. स्टेशनच्या बाजूला दुसरी एक शाळा होती. ती चालवणारा मास्तर वीस वर्षांपूर्वी बाईंकडेच शिकला होता, आणि त्याच्याबद्दल त्या आजवर एकही बरा शब्द बोलल्या नव्हत्या.

"मी बोलतेय," त्या फोनवर म्हणाल्या, आणि सगळ्या पायऱ्यांना ते ऐकू गेलं. "माझा परवाना दोन महिने बंद झालाय... हो, ऐकलंस ते बरोबर आहे, चूक माझीच होती. नंतर सावकाश हस. माझे नऊ विद्यार्थी उद्यापासून तुझ्याकडे येतील, परीक्षा त्यांच्या ठरल्या दिवशीच झाल्या पाहिजेत." मग त्या थांबल्या आणि त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "नऊ नाही, दहा. दहावी माझी बहीण आहे. गाडी तिला येते. तू शेजारी बसून फक्त तुझा पाय बाजूला ठेव."